कडू लागलं का?

४ जानेवारी

भोपळ्या,

सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. चार ओळी, आणि त्यातल्या दोन हवेबद्दल. माझे कान गेले म्हणून आपण फोन सोडून पत्रांवर आलो, तर निदान पत्रात तरी तोंड उघड. मोबाइलवरची ती मुंगीएवढी अक्षरं मला दिसत नाहीत हे तुला माहीत आहे.

तुझी तब्येत मला आवडली नाही. त्या तापाने तुला पार वाळवून टाकलंय. ज्या गालांमुळे तुझं नाव भोपळ्या पडलं, ते गाल कुठे ठेवून आलास?

निघायच्या दिवशी मी जेवताना काकडी चिरली होती. पहिलीच फोड तोंडात टाकली आणि थुंकायला धावले, इतकी कडूजहर. परत येऊन बघते तर तू उरलेली सगळी काकडी फस्त करून बसला होतास, आणि वर मान डोलावून छान होती म्हणून खूण करत होतास. अरे, बहीण म्हातारी झाली, बहिरी झाली, म्हणून तिचं मन इतकं राखायचं? मला हसूही आलं आणि बरंही वाटलं. पुढच्या वेळी सरळ थुंक.

आता कामाचं. तुमची जुनी अणुभट्टी आणखी काही वर्षं चालवायची की कायमची बंद करायची, हे ठरवायला ती आतून तपासणार आहेत असं पेपरात वाचलं. आत माणसं जाणार म्हणे. ठकीला तुझ्या भरवशावर तिकडे नोकरीला पाठवलं, तेव्हा तू मला शब्द दिला होतास. पोरगी टेबलावर बसून आकडे तपासेल, आत पाऊल टाकणार नाही. तिचे बाबा गेल्यापासून मला तुम्ही दोघंच आहात. तो शब्द विसरू नकोस.

तुझी ताई


१२ जानेवारी

ताई,

कान पकडतो. घे, आता पानं भरून लिहितो.

ठकी टेबलावरच आहे. चष्मा नाकावर ओढून सगळ्यांच्या चुका काढत असते, माझ्या तर जास्तच. तिची काळजी सोड.

पेपरवाले लिहितात त्यातलं निम्मं सोडून देत जा. भट्टी थांबवून गार केली आहे. तिच्या पोटातून गरम पाणी वाहून नेणारे शेकडो नळ आहेत, आणि ते पाणी इतकी वर्षं नळांना आतून घासत आलंय. वळणावर भिंत सगळ्यात जास्त झिजते. तिथे हातातलं एक यंत्र टेकवायचं, की भिंत किती जाड उरली ते कळतं. काम एवढंच. पण नळांवरचं जुनं आवरण आता पिठासारखं झालंय. ती धूळ अंगावर पडली तर धुता येते, छातीत गेली तर धुता येत नाही. सगळा पोशाख त्यासाठी.

पोशाख बघशील तर हसशील. आधी एक सुती डगला, त्यावर दुसरा, त्यावर प्लास्टिकचा. हातमोज्यांवर हातमोजे आणि मनगटाला टेप. यातलं स्वतःचं स्वतःला काही घालता येत नाही. नवरदेवासारखं हात पसरून उभं राहायचं आणि दुसऱ्याने सजवायचं. मग तोंडावर मास्क. त्याची कड कातडीला अशी चिकटायला हवी की मधून वाराही जाता कामा नये, म्हणून माझी मिशी गेली. ठकीने ओळखच दाखवली नाही, म्हणाली, आपण कोण?

मास्क नीट बसला की नाही ते बघायची तऱ्हा गमतीची आहे. मास्क लावल्यावर डोक्यावर एक टोपडं चढवतात आणि त्याच्या आत कडू पाण्याचा फवारा मारतात. मग वाक, मान फिरव, मोठ्याने वाच, असं करायला लावतात आणि सारखं विचारतात, कडू लागलं का? नाही लागलं तर मास्क घट्ट. लागलं तर गळका, आणि माणूस यादीतून बाद. पुढच्या आठवड्यात माझी ही परीक्षा आहे.

काकडी खरंच बरी होती.

तुझा बिनमिशीचा भाऊ


१९ जानेवारी

भोपळ्या,

तू मोठा चलाख. मिशीच्या गमतीत गुंडाळून मला कळवलंस की आत तू स्वतः जाणार आहेस. दुसऱ्यांदा वाचताना ते माझ्या ध्यानात आलं, आणि चहा तसाच गार झाला.

तुझं वय काय, तू करतोस काय? तिथे तरणीताठी माणसं संपली का? आयुष्यभर त्या भट्टीच्या आत-बाहेर केलंस, आता शेवटची काही वर्षं खुर्चीवर बसून दुसऱ्यांवर ओरडायचं, तर तू चाललास धुळीत लोळायला.

मला भीती वाटते. ऐकू येईनासं झालं की भीती वाढते, हे तुला कळायचं नाही. दार वाजलेलं कळत नाही, भांडं पडलेलं कळत नाही. वळून बघावं तर माणूस पाठीशी येऊन उभा असतो. परवा दूधवाला तसा उभा होता आणि मी किंचाळले. तुझी ती धूळही मला तशीच वाटते. आत शिरेल आणि तुला कळणारही नाही.

ठकीचं बरेच दिवसांत पत्र नाही. ती अशी गप्प बसणारी पोर नाही. तिला माझ्यातर्फे एक धपाटा दे.

आणि लहानपणापासून तुझ्या मागे लागून तुला पास करत आले, पण या एका परीक्षेत नापास हो. मी पेढे वाटीन.

ताई


२७ जानेवारी

ताई,

तुझे पेढे वाचले. मी पास झालो. परीक्षा घेणारी बाई फवारा मारून मारून दमली, मला कडू म्हणून काही लागलं नाही. १८ फेब्रुवारीला आत जायचं आहे.

सध्या सराव चालू आहे. मागच्या शेडमध्ये नळांचा हुबेहूब लाकडी सांगाडा उभा केलाय. पूर्ण पोशाख चढवून त्यात शिरायचं, नळांखाली आडवं व्हायचं आणि वळणं शोधायची. आत जितका कमी वेळ लागेल तितके कमी किरण अंगावर येतात, म्हणून डोळे मिटूनही हात जागेवर जायला हवा.

तू विचारलंस म्हणून सांगतो, मलाही भीती वाटते. परवा सांगाड्याखाली पडलो होतो, आणि एकाएकी स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येईना. काच आतून धुरकटली. हा मास्क आत्ताच्या आत्ता ओढून काढला नाही तर आपण मरणार, असं वाटलं. हात वर गेलासुद्धा. लहानपणी मी माळ्यावर चढून अडकलो होतो आणि तू खालून म्हणत होतीस, हळू, आता एक पाय खाली टाक, मी धरलंय. तेच मनात म्हणत राहिलो. श्वास जागेवर आला. कोणाला कळलं नाही. आणि ते तर साधं शेडमधलं लाकूड होतं, ताई. आत खरे नळ आहेत.

तरणी माणसं आहेत का, विचारतेस. आहेत. पण मीच गेलेलं बरं. याच्यापुढे विचारू नकोस.

ठकी मजेत आहे. कामात आहे, लिहील.

तुझा भाऊ


३ फेब्रुवारी

आई,

तू रागावशील म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. आता लिहिते, कारण मामा तुला काही सांगणार नाही.

मी टेबलावर बसत नाही. गेलं वर्षभर मी आत जायचं शिक्षण घेतलं आणि पास झाले. ते नळ मोजणारं यंत्र चालवणारे आमच्याकडे सध्या दोघंच उरलो आहोत, मामा आणि मी. बाकीच्यांचा वर्षाचा डोस भरला, म्हणजे अंगावर जेवढे किरण घ्यायची परवानगी असते तेवढे घेऊन झाले, आता त्यांना आत सोडत नाहीत. यादीत मामा पहिला आणि मी दुसरी. तो गळला असता तर मी गेले असते.

त्याने तुला शब्द दिलाय असं तो म्हणतो. मला विचारून दिला नव्हता. मी त्याच्याशी कितीतरी दिवस अबोला धरला होता. मी हे काम चांगलं करते, आई. सरावात माझा हात त्याच्याआधी वळणावर पोचतो, आणि हे तोच सगळ्यांना सांगत सुटतो.

आणि तरीही, तो पास झाला त्या दिवशी मला हायसं वाटलं. आपल्याला जावं लागणार नाही म्हणून. त्याची मला फार लाज वाटते.

मामा घाबरलाय. दाखवत नाही, पण घाबरलाय. परवा कँटीनमध्ये साखर समजून त्याने चहात चमचाभर मीठ घातलं आणि अख्खा कप प्यायला. मी हसायला लागले तर म्हणाला, डोक्यात नळ आहेत गं. परीक्षेच्या दिवशी तर कमालच. मास्क चढवायच्या आधी उघड्या तोंडावर जरासा फवारा मारतात, जीभ कामाची आहे ना ते बघायला. कडू लागलं की सांगायचं. बाईंनी बाटली दाबली, तिचं तोंड तुंबलं होतं, थेंबही आला नाही, आणि मामा म्हणतो, कडू. आम्ही सगळे हसलो. बाईंनी बाटली साफ करून पुन्हा दाबली, मामा पुन्हा म्हणाला कडू, आणि त्यांनी पुढची परीक्षा घेतली. इतका घाईला आला होता बिचारा.

त्याला रागावू नकोस. मला रागव.

ठकी


८ फेब्रुवारी

भोपळ्या,

ठकीचं पत्र आलं. तू मला सरळसरळ बनवलंस. पानभर गमती लिहिल्यास आणि माझ्या पोरीबद्दल एक अक्षर खरं लिहिलं नाहीस. त्यासाठी तुला जन्मभर पुरतील इतक्या शिव्या माझ्याकडे जमल्या आहेत. त्या नंतर.

तिने गंमत म्हणून लिहिलंय की तू मिठाचा चहा प्यायलास. आणि बाटलीतून काही न येताच कडू म्हणालास. ती हसत होती. मला हसू आलं नाही. मला ती काकडी आठवली.

तू माझं मन राखत नव्हतास. तुला ती कडू लागलीच नाही. तापाने तुझी जीभ नेली आहे. खरं आहे ना?

मग त्या बाईच्या प्रश्नाला काय अर्थ उरला? मास्कमधून भसाभसा वारा येत असला तरी तू नाहीच म्हणणार. आणि तुझे गाल आत गेलेत, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. भोपळ्याच्या तोंडाचा मास्क त्या हडकुळ्या तोंडावर बसेल कसा?

साहेबांकडे जा आणि सांग, मला चव लागत नाही. तू स्वतः सांग.

हे वाक्य लिहिलं आणि मग मला कळलं की मी काय मागते आहे. तू बाहेर आलास तर आत कोण जाणार, ते आता मला माहीत आहे. पेन खाली ठेवलं. घरभर फिरले. कपडे घडी केलेले होते ते पुन्हा मोडून घडी केले. मला काही सुचत नाही. हे पत्र टाकू की नको तेही कळत नाही, पण टाकते.

ताई


१२ फेब्रुवारी

ताई,

खरं आहे. ताप उतरल्यापासून वास नाही, चव नाही. गोड, कडू, सगळं एक.

जिभेशिवाय मास्क तपासणारं एक यंत्र आमच्याकडे आहे. ते दुरुस्तीला गेलंय आणि महिनाअखेरीपर्यंत येणार नाही. चव नाही म्हणालो असतो तर तिथेच माझं नाव कापून तिचं लिहिलं असतं. म्हणून मी बाईंच्या बोटांकडे बघत राहिलो आणि बाटली दाबली की कडू म्हणालो. इतकी वर्षं ही परीक्षा मी देतोय, केव्हा काय म्हणायचं ते पाठ आहे.

मास्क बसत असेलही, ताई. नाही असं कोणी सांगितलंय?

आणि नसला बसत, तरी माझं आता किती राहिलंय? तिचं सगळं व्हायचंय. तू गप्प राहिलीस तर ठकी बाहेर राहते. तुला दुसरं काही करायचं नाही, फक्त गप्प राहायचं आहे. तुला दिलेला शब्द मी पाळतोय, तो मला पाळू दे. हे पत्र फाडून टाक.

भोपळ्या


२२ फेब्रुवारी

ताई,

१७ तारखेला मला सेफ्टीच्या साहेबांनी बोलावलं. टेबलावर एक वाटी, वाटीत कसलंसं पाणी. डोळे मिटून चाखायला लावलं आणि विचारलं, कसं लागतंय? मी म्हणालो, कडू. ते साखरेचं पाणी होतं. शेजारी ठकी उभी होती, ती माझ्याकडे बघत नव्हती. तिला कोणी सांगितलं हे विचारायची मला गरज पडली नाही.

त्या दिवशी मी तुला एक पत्र लिहिलं होतं. ते टाकलं नाही, बरंच झालं. त्यात मी लिहिलं होतं की तू आपल्या हाताने पोरीला आत ढकललंस.

१८ ला तिला मी सजवलं. दुसऱ्या कोणाला जवळ येऊ दिलं नाही. घाईघाईत टेपचं टोक मला सापडेना. ती म्हणाली, मामा, हळू. तुझ्यासारखीच म्हणाली. मग आत गेली आणि दार लागलं. बाहेर पडद्यावर आम्हाला नुसते नळ आणि मधूनच तिचा पांढरा हात दिसत होता. एकदा हात दिसेनासा झाला आणि मी खुर्चीवरून उठलो, साहेबांनी खांद्याला धरून खाली बसवलं. हात पुन्हा दिसला. वळणावर होता, बरोबर जागेवर.

ती बाहेर आली. कपडे उतरवले, अंगावरून धूळ शोधणारं यंत्र फिरवलं, नाक पुसून कापूस तपासला. स्वच्छ. मास्क काढला तेव्हा तिच्या तोंडावर कडेचा लाल वळ उठला होता. कपाळावरून गालांवरून हनुवटीखालून, पूर्ण गोल, कुठेही तुटलेला नाही.

आता ऐक. माझ्या तोंडावर सरावानंतर जो वळ उठायचा, तो डाव्या गालावर तुटायचा. बोटभर जागा कोरी राहायची. मी रोज आरशात बघायचो आणि तोंड धुवून टाकायचो. तुला पत्रात लिहिलं की मास्क बसत असेलही, तेव्हा मला माहीत होतं. मास्क तपासणारं यंत्र ठरल्याआधीच दुरुस्त होऊन काल आलं. मी मुद्दाम जाऊन तोंड दाखवलं. त्यानेही तीच जागा सांगितली.

एका वळणावर भिंत फार पातळ निघाली आहे. तिच्या आजूबाजूची सगळी वळणं पुन्हा मोजायची आहेत. ५ मार्चला ठकी परत आत जाणार. मला हे तुला सांगायची छाती नव्हती, पण आता लपवत नाही.

आता तू सांग. मी गप्प राहा म्हटलं होतं. तू कशी नाही राहिलीस?

भोपळ्या


२७ फेब्रुवारी

भोपळ्या,

गप्प राहायचं मी ठरवलं होतं. तुला खोटं कशाला सांगू? तुझं पत्र वाचलं आणि पहिलं जे वाटलं ते हेच, की माझी पोर वाचली. तो दिवसभर मी तशीच होते. जेवलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी आरशासमोर केस विंचरत होते, तर तुझं तोंड दिसायला लागलं, मिशी नसलेलं, गाल नसलेलं. आपल्या दोघांची चेहरेपट्टी एकच ना. मी माझ्या गालावर हात ठेवला आणि मला श्वास घेता येईना. चप्पल घातली आणि खाली औषधवाल्याकडे गेले.

त्याला म्हटलं, माझ्या मुलीला फोन लाव, मी बोलते, ती काय म्हणते ते तू मला लिहून दाखव. त्याच्याकडे कागद नव्हता, तर त्याने गोळ्या द्यायची पाकिटं समोर ओढली. मी फोन तोंडाशी धरला. मी किती मोठ्याने बोलत होते कोण जाणे, दुकानातली माणसं वळून बघायला लागली. म्हटलं, ठके, तुझ्या मामाला चव नाही. त्याला कडू लागत नाही. त्याला आत सोडू नकोस.

त्याने फोन कानाला लावून ऐकलं आणि पाकिटावर लिहिलं, काही बोलत नाहीये. मग लिहिलं, ती म्हणते, आई, मग मला जावं लागेल.

मी म्हटलं, माहीत आहे.

त्याने लिहिलं, ती विचारते, तुला भीती वाटते का? मी म्हटलं, हो, फार. त्याने ऐकलं आणि माझ्याकडे न बघता लिहिलं, ती म्हणते, मलापण. मग त्याने पाकीट माझ्याकडे सरकवलं आणि उगाचच कपाटातल्या बाटल्या नीट लावायला लागला.

तू वाईट नाहीस, भोपळ्या. पण मला भाऊ देऊन मुलगी विकत घ्यायची नव्हती, आणि तू मला न विचारता तो सौदा केलास. शिव्या अजून शिल्लक आहेत, त्या तू आलास की समोर बसवून देईन. चव येईपर्यंत माझ्याकडे राहा. रोज काहीतरी कडू खायला घालीन, म्हणजे कळेल.

५ मार्चला ती पुन्हा आत जाणार. मी जाऊ नको म्हणणार नाही. तेवढं एक कर. तिचे हातमोजे तूच बांध, टेपचं टोक दोनदा दाबून बघ, आणि ती बाहेर आली की तिच्या तोंडावरचा वळ नीट बघ. कुठे तुटलेला असला तरी मला खरं कळव.

ताई